काळोखात ठेवायच्या ताटल्या

विरारच्या फुलपाड्यात बिल्डिंगच्या मागून वाहणाऱ्या नाल्याकडे लोक नाक दाबून पाठ फिरवतात, आणि सरोजिनी बाटली घेऊन त्याच्या काठावर उकिडवी बसायची. तळमजल्यावरच्या बायकांनी आधी ठरवलं, बिचारीचा काही नवस असेल. मग कोणीतरी बातमी आणली की ती नाल्यातले विषाणू पकडायला जाते. झालं! त्या वर्षी तिच्या चैत्रातल्या हळदीकुंकवाला सगळ्या आल्या, ओट्या भरून घेतल्या आणि पन्ह्याचे पेले जसेच्या तसे ठेवून गेल्या.

"अहो, ते माणसाला काही करत नाहीत. जिवाणूंनाच खातात," ती जिन्यात सांगत राहिली.

"आज जिवाणू, उद्या आपण," म्हणत बायका दळणाचे डबे उचलून पुढे.

सरोजिनी वसईच्या बाजूला एका कॉलेजात मायक्रोबायोलॉजी शिकवायची. वय पंचेचाळिशीचं, गुडघे साठीचे, आणि पीएच.डी. कधी सुरू केली हे तिलाही नीट आठवत नव्हतं. नवरा प्रल्हाद. बँकेतून व्हीआरएस घेतल्यापासून सोसायटीचा सेक्रेटरी. जिन्यात चपला कुठे काढाव्यात यावर सूचना लिहिण्यात त्याचा दिवस जायचा. या गृहस्थाने बायकोला न सांगता पितळी पाटी करून आणली होती: 'डॉ. सौ. सरोजिनी'. वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवली, आणि बायको सोडून अख्ख्या बिल्डिंगला दाखवली. गणपतीचं मखर काढताना तिलाही ती सापडली. तिने गुंडाळी पुन्हा होती तशी करून ठेवली. पण तेव्हापासून माळ्याखालून जाताना तिला मान वाकवल्यासारखं व्हायचं.

तिचा प्रश्न तसा सोपा होता. अतिनील किरणांत विषाणू भाजला की त्याच्या डीएनएच्या माळेतले शेजारचे मणी एकमेकांना चिकटतात. माळेची नक्कल करणारं यंत्र तिथे येऊन अडतं, आणि विषाणू बाद. पण जिवाणूच्या पोटात शिरल्यावर त्याची डागडुजी होऊ शकते, तीही दोन तऱ्हांनी. एक म्हणजे जिवाणूच्या घरचं एक प्रथिन ते चिकटलेले मणी सोडवतं, पण त्याला उजेड लागतो. काळोखात ते हात बांधून बसतं. दुसरी तऱ्हा अशी, की काही विषाणू स्वतःची कात्री आणतात. खराब तुकड्याशी ती माळ कापते, तिथे नवे मणी भरले जातात, आणि हे काम काळोखातही चालतं. आपल्या नाल्यातल्या विषाणूकडे अशी कात्री आहे, एवढंच सरोजिनीला सिद्ध करायचं होतं.

म्हणून काळोख हवा. कॉलेजने जिन्याखालची अडगळीची खोली दिली. तिने खिडकीला काळा कागद चिकटवला. आतला इनक्युबेटर जुना, बाहेरचं दार केव्हाच निखळलेलं, आतली काच तेवढी शिल्लक. त्यात संध्याकाळी जिवाणू आणि भाजलेले विषाणू एकत्र ओतलेल्या ताटल्या ठेवायच्या आणि घरी जायचं. सकाळी जिवाणूंच्या दुधट थरात टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ भोकं दिसली की समजायचं, तिथे एकेक विषाणू जगला.

आणि भोकं दिसत होती! भरपूर. फक्त मधूनमधून एखाद्या सकाळी ताटलीत जवळजवळ काहीच नसे. आदल्या संध्याकाळी हटकून लोडशेडिंग झालेलं असे. इनक्युबेटर थंड पडला, दुसरं काय, म्हणून सरोजिनीने त्या ताटल्या बाद केल्या. किरणांत न भाजलेल्या विषाणूंच्या ताटल्यांत त्याही दिवशी भरपूर भोकं पडायची, हे तिला दिसत होतं. पण दमलेलं माणूस हवं तेवढंच बघतं.

तिचे गाईड चुरी सर मे अखेर निवृत्त होणार होते. "तोवर प्रबंध छापून आण, मी सही करतो," त्यांनी सांगितलं होतं. "नंतर नवा गाईड, नवं रजिस्ट्रेशन. तुझ्यात तेवढा दम नाही, आणि माझ्यात तर नाहीच नाही."

फेब्रुवारीत एका संध्याकाळी ती रिक्षाच्या रांगेत उभी राहिली आणि आठवलं, डब्याची पिशवी कॉलेजातच राहिली. पाय दुखत होते. राहू दे म्हणावं, तर डब्यात सकाळची वालाची उसळ. उद्या वासाने त्या डब्याला कोणी जवळ केलं नसतं. ती चरफडत परतली. जिन्यापाशी आली तर खोलीच्या दाराखालून उजेडाची पट्टी.

आत ट्यूबलाइट लख्ख पेटलेली. इनक्युबेटरच्या काचेसमोर लॅब अटेंडंट हंसा हात जोडून, डोळे मिटून उभी.

"हंसा! हे काय?"

"अगो बाई! घाबरवलंत ना!" हंसाने छातीवर हात ठेवला. "दिवा लावला."

"कोणी सांगितलं लावायला?"

"सांगायचं काय त्यात? तिन्हीसांजेला काळोख कोन ठेवतं? सगळ्या खोल्यांत लावते मी. घटकाभर ठेवते, कुलूप लावताना बंद करते. वीज नसेल तेव्हा नुसते हात जोडते." मग जरा रुसून म्हणाली, "तुमच्या खोलीत तर मुद्दाम जास्त वेळ ठेवते. इतकी वर्सं तुमचं काम अडलंय, देवाने बघावं म्हणून."

सरोजिनी स्टुलावर बसली. वीज असलेल्या संध्याकाळी हंसाने दिवा लावला होता आणि विषाणू उठून बसले होते. कात्रीने नव्हे, उजेडाने. वीज नसलेल्या संध्याकाळी खरा काळोख होता आणि ते मेले होते. तिने जे फेकलं तेच खरं होतं, आणि जे जपलं ते सगळं हंसाच्या ट्यूबलाइटचं.

"बाई, रागावलात? पानी आनू?"

"आण."

त्या रात्री तिने मनाशी जुळवून पाहिलं. हंसाला दिव्याचं महत्त्व ठाऊक नव्हतं, आणि चुरी सर दादरहून कॉलेजात बघायला यायचे नाहीत. गप्प बसलं की मेमध्ये पाटी दाराला. नाही बसलं, तर पुन्हा पहिल्यापासून. दोन दिवस ती असाच हिशेब करत वर्गात शिकवत राहिली. तिसऱ्या दिवशी दादरला सरांच्या घरी गेली.

"सर, माझे विषाणू उजेडात जगलेत."

सरांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "डबा आणायला परतली नसतीस तर काय बिघडलं असतं?"

"उसळ आंबली असती."

सर हसले, पण थकून. "परत करणार?"

"करते."

"मेपर्यंत होणार नाही."

"माहीत आहे, सर."

आता हंसाची समजूत कशी घालायची? दिवा लावू नकोस म्हटल्यावर तिने तोंड फिरवलं. "लावत नाय. पन त्या खोलीत मी पाय ठेवनार नाय. काळोखात देव बसवायचा नि मानसांनी निघून जायचं, असं आमच्यात नसतं."

आणि तिच्याशिवाय चालणार कसं? ताटल्या धुणार ती, कुलूप लावणार ती. शेवटी सरोजिनीने घरच्या देवघरातला लाल झिरोचा बल्ब काढून नेला. लाल उजेडात ते जिवाणूचं प्रथिन ढिम्म हलत नाही. हंसाने बल्ब निरखला, बटण दाबलं, खोली कुंकवासारखी दिसायला लागली. "हां, हा चालंल," म्हणाली आणि हात जोडले.

मग सगळा उन्हाळा त्या लाल खोलीत गेला. सकाळी ताटल्या काढायच्या. पूर्वीसारखी गच्च भोकं कुठेच नाहीत. पण प्रत्येक ताटलीत थोडीशी होतीच. लोडशेडिंग असो वा नसो, तेवढीच. शेजारी तुलनेला ठेवलेल्या, कात्री नसलेल्या विषाणूच्या ताटल्या मात्र कोऱ्या.

"कात्री आहे म्हणायची," सर फोनवर म्हणाले. "बोथट आहे."

"हो, सर."

"मी परवा निवृत्त होतोय, सरोजिनी."

"हो, सर."

घरी आली तेव्हा दिवेलागणीची वेळ होती. पर्स मांडीवर तशीच ठेवून ती हॉलमध्ये बसली. प्रल्हाद देवघरात खुडबुड करत होता.

"अगं, देवांचा लाल बल्ब कुठाय? इतके दिवस मी समजतोय, उडाला म्हणून तूच काढलास."

"कॉलेजात आहे. हंसाला दिला."

"देवांचा?" तो बाहेर आला. तिच्याकडे बघितलं. आवाज उतरला. "काय म्हणाले सर?"

"या वर्षी नाही. नवा गाईड बघावा लागेल." ती थांबली. "माळ्यावरची ती पाटी जरा चिंचेने घासून ठेवा. काळी पडत असेल."

प्रल्हादचं तोंड उघडंच राहिलं. "तुला कोणी सांगितलं?"

"बिल्डिंगमध्ये मी एकटीच उरले होते, ना?"

तो भिंतीकडे गेला, ट्यूबलाइटच्या बटणावर हात ठेवून थांबला. "लावू? का डोळ्यांवर येईल?"

"लावा," सरोजिनी म्हणाली. तिने चपला काढून पाय वर घेतले. "घटकाभर राहू दे."