ब्रेकमधली हवा

ब्रेकचं काम करून गाडी घरी आणली, तर पेडल उशीसारखं मऊ. पाय ठेवला की आपलं खाली जातंय. तशीच हळूहळू परत गॅरेजात नेली. मेकॅनिक म्हणाला, "ऑइलच्या नळीत हवा राहिलीय, काकू. पेडल दाबायला कुणीतरी लागेल. बसता का तुम्हीच?"

बसले. हे काम मला नवं नव्हतं.

आमच्या जुन्या गाडीचे ब्रेक हे स्वतःच करायचे. रविवारी सोसायटीच्या आवारात हे चाकापाशी आडवे आणि मी स्टिअरिंगमागे. एकमेकांची तोंडं दिसायची नाहीत. खालून आवाज यायचा, "दाब." मी पेडल दाबून सांगायची, "धरलंय." मग हे चाकामागचा स्क्रू सैल करायचे, ऑइलबरोबर बुडबुडे बाटलीत उतरायचे, आणि स्क्रू पुन्हा आवळला की "सोड." त्याआधी पाय उचलला तर हवा परत आत. त्यामुळे उत्तर दिल्यावाचून सुटका नसे. चार दिवसांचा अबोलासुद्धा त्या एका शब्दापाशी मोडायचा. मला तर संशय यायचा, की ब्रेक ठणठणीत आहेत आणि हे उगाच खाली जाऊन पडलेत.

विचारायचं राहूनच गेलं. आता हे नाहीत.

पायाखालचं पेडल हळूहळू घट्ट होत गेलं.

"झालं, काकू. सोडा आता," खालून आवाज आला.

"धरलंय," मी म्हणाले.