मोगलाईत घर पाहायला गेलो त्याची गोष्ट

आमच्या सासऱ्यांचा गावातल्या कोणावरही विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी गाव बदलायचं ठरवलं.

गाव चामोर्शीपासून कोसभर. धानाची शेती, आणि शेताच्या वरच्या अंगाला आमची बोडी, म्हणजे लहानसं तळं. त्या वर्षी बोडीचं पाणी दोन हात खाली गेलं. सगळे म्हणाले, ऊन जास्त आहे. मामाजी (सासऱ्यांना आम्ही मामाजी म्हणत असू) म्हणाले, ऊन दरवर्षीच असते, चोर यंदा आला. त्यांनी पाण्यात खुणेची काठी रोवली आणि सकाळ-संध्याकाळ मोजू लागले. आठ दिवसांनीही पाणी खुणेला होतं तिथंच निघालं, तेव्हा त्यांची खात्रीच पटली. कोणीतरी काठी बदलली होती!

"या गावात रायनं नाई," त्यांनी जेवताना जाहीर केलं. "चांगली जागा पायतो. मंग बिऱ्हाड हालवू."

सासूबाईंनी ताटात आणखी भात वाढला. त्यांना वाटलं, पोट भरलं की विचार जाईल. गेला नाही.

पहिल्यांदा मामाजी छोट्या लाईनीच्या आगगाडीनं सिंदेवाहीला जाऊन आले. जागा छान, पाणी मुबलक, माणसं बोलायला गोड. पण तिथं धानाचा सरकारी फार्म होता आणि तोच त्यांना खटकला. सरकार स्वतः धान काऊन लावते, त्याले का पोट आहे, असं ते आठ दिवस विचारत होते. मग गडचिरोली पाहिली. तिथं कचेरी होती, आणि जिथी कचेरी तिथी अर्जदार, जिथी अर्जदार तिथी भानगड, असं म्हणून तेही गाव बाद झालं. जवळपासची आणखी चार गावं त्यांनी बैलगाडीतून न उतरताच बाद केली.

शेवटी ते म्हणाले, आता परमुलखातच जायचं. परमुलूख म्हणजे प्राणहितेच्या पलीकडचा काठ. निजामाचं राज्य जाऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण आमच्याकडची माणसं त्या काठाला अजून मोगलाईच म्हणत. तिथं सगळा कारभार तेलगूत. आम्ही विचारलं, भाषा येत नसलेल्या मुलखात आपण करणार काय? मामाजींनी आमची कीव केली. मानूस बोलूनच फसवते ना, म्हणाले. बोलनंच समजलं नाई तं फसवन कसं?

आणि नेमकी त्याच क्षणी मला दुर्बुद्धी झाली. माझं माहेर अहेरीकडचं. तिथल्या बाजारात तेलगू कानावर पडायचं, आणि लग्न झाल्यापासून मी सासरी ऐट मिरवत होते की मला तेलगू येतं. कोणाला तपासता येत नव्हतं, त्यामुळे ऐट वाढत गेली होती. मी म्हटलं, "मामाजी, बोलायचं मी पाहून घेईन."

झालं. मामाजी, मी आणि माझी नणंद चंद्रकला असे तिघं निघायचं ठरलं. आमच्या ह्यांना पाण्यावर पहारा द्यायला मागं ठेवलं, सासूबाईंना ह्यांच्यावर. चंद्री एकोणीस वर्षांची, कामाला वाघीण, बोलायला कमी. तिला पाच स्थळं आली होती आणि पाचही मामाजींनी परत पाठवली होती. एक मुलगा पापण्या फार मिटतो म्हणून, दुसरा मुळीच मिटत नाही म्हणून. तिला गावात सोडायची मामाजींची तयारी नव्हती, म्हणून ती बरोबर.

प्राणहितेच्या घाटावर डोंगा होता. परमुलखात जायला परवाना लागत असणार असं धरून मामाजींनी आमच्या पाटलाची चिठ्ठी आणली होती. नावाड्यानं ती पाहिलीही नाही. परवाना नको, बसा म्हणाला. "इतक्या सहज जाऊ देऊन राह्यले," मामाजी माझ्या कानाशी पुटपुटले, "म्हंजे वापस येऊ देत नसतीन."

पलीकडं पोचलो आणि अर्धा कोस चालून एका मोठ्या गावात शिरलो. (गावाचं नाव सांगत नाही. का, ते पुढं कळेल.) मामाजींनी लगेच पाहणी सुरू केली. विहिरीत डोकावले. घरांच्या भिंतींवर बोटांनी ठकठक करून पाहिलं. दाराच्या कड्या हलवून पाहिल्या. एका गोठ्यासमोर उभं राहून बोटांवर बैल मोजले. आम्ही दोघी मागं पदर सावरत. थोड्या वेळात आमच्या मागं दहा-बारा माणसं जमली. ती सगळी आमच्या गाठोड्याकडं बघत होती. आम्हाला त्यांचा संशय, त्यांना आमचा. अशी वरात निघाली आणि गावच्या पटेलाच्या दारात थांबली.

पटेलांचं नाव मल्लय्या. साठीचा, धिप्पाड, मिशाळ माणूस. ओटीवर चटई टाकून त्यांनी आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि नुसते हसत पाहत राहिले. मामाजींना ते आवडलं नाही. समोरच्याला कळत नाही या भरवशावर ते मोठ्यानंच म्हणाले, "सूनबाई, हा मानूस गंज हासते. इतका हासनारा मानूस एक तं येडा राह्यते, नाई तं लबाड."

मल्लय्या आणखी हसले. मग चंद्रीकडं एकदा पाहून त्यांनी मला काहीतरी विचारलं. त्यातलं मला जे ऐकू आलं ते असं: "पिल्लाकु पेळ्ळी चेस्तारा?"

आता माझी विद्वत्ता पाहा. 'पिल्ला' म्हणजे पिल्लं, लेकरंबाळं. 'पेळ्ळी' म्हणजे पल्ली, आलापल्लीतली पल्ली, म्हणजे गाव. अर्थ उघडच होता. लेकराबाळांसकट या गावात राहायला येणार का? मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "अवुनु." म्हणजे हो. हा एक शब्द मात्र मला नक्की येत होता.

गर्दीतला ताण एकदम उतरला. माणसं हसू लागली, बायका आत पळाल्या.

"काय म्हनते तो?" मामाजींनी विचारलं. मी सांगितलं, राहायला येणार का म्हणून विचारतात. मामाजी म्हणाले, आधी घर दाखव म्हना. तेवढ्यात मल्लय्या स्वतःच उठले आणि "इल्लु चूडंडी" म्हणाले. 'इल्लु' घर, 'चूडंडी' बघा. हे मला खरंच समजलं, त्यामुळे माझा आत्मविश्वास फारच बळावला.

घर सुरेख होतं. सागाचे खांब, सारवलेलं अंगण, मागं विहीर, धानाच्या कोठ्या भरलेल्या. मामाजींनी एकेक वस्तू पारखली. कोठीत हात घालून धान चावून पाहिलं. चुलीजवळ वाकून धूर कुठून जातो ते पाहिलं. घरची माणसं अदबीनं बाजूला होत होती. मामाजींचा संशय खोलीगणिक वाढत गेला. इतकं चांगलं घर हा माणूस देऊन का राह्यला, असं ते मोठ्यानं विचारत होते. इथी भूत असन, नाई तं भावकीचा तंटा असन. मल्लय्या मान हलवत पुढची खोली दाखवत होते.

मग मागच्या दारानं पंचवीसेक वर्षांचा एक तरुण आला. नुकतं तोंड धुतलेलं, केस चप्प बसवलेले. "अब्बाई," मल्लय्या म्हणाले. मामाजींनी त्याला आपादमस्तक पाहिलं आणि मला म्हणाले, गडीही घरासंगच येते वाटते, काम कसा करते ते पाहू. त्यांनी धानाच्या पोत्याकडं बोट दाखवलं. तरुणानं मल्लय्यांकडं पाहिलं, मल्लय्यांनी मान हलवली, आणि त्यानं पोतं उचलून खांद्यावर घेतलं. मामाजींनी त्याला अंगणाला फेरी मारायला लावली. मग पोतं ठेवायला सांगून त्याचे तळहात पाहिले, दात पाहिले. तो बिचारा घामाघूम होऊन सगळं करत होता. शेवटी मामाजींनी त्याला विहिरीतून पाणी काढायला लावलं. त्यानं भरलेला तांब्या आणला तो मामाजींना न देता चंद्रीपुढं धरला.

चंद्री ते पाणी प्यायली. सावकाश, घोट घोट. आतल्या बायकांनी तिला केव्हाच हळदीकुंकू लावून डोक्यात फूल माळलं होतं, तेही मी पाहिलं होतं. मला वाटलं, इकडची पाहुण्यांची रीत असेल.

ओटीवर परत आल्यावर मल्लय्यांनी मला पुन्हा तेच विचारलं, या वेळी सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मी पुन्हा अवुनु म्हटलं. तिसऱ्यांदा विचारलं, तिसऱ्यांदाही म्हटलं. मामाजी म्हणाले, गडी चांगला आहे, घर घेतलं म्हना. मग मल्लय्यांनी पानसुपारी आणि नारळ मामाजींच्या ओंजळीत ठेवला, मामाजींनी तो कपाळाला लावला, आणि अंगणात धाडकन डफडं वाजू लागलं.

"घर घेतलं तं वाजा काऊन?" मामाजी म्हणाले.

मल्लय्यांनी हात वर करून डफडं थांबवलं. मग त्यांनी घसा खाकरला आणि अस्सल आमच्याकडच्या बोलीत म्हणाले, "व्याही, घर नाई दिलं मी. पोरगी मागतली तुमची. आन् मी येडा तं नाई, मंग दुसरं काय म्हनलं होतं तुमी मले?"

मामाजींच्या ओंजळीतली सुपारी घरंगळत अंगणात गेली.

मग कळलं. मल्लय्यांची आई आमच्याच काठची, चामोर्शीकडची. तिच्या मांडीवर ते मराठी शिकले होते. जातही आमचीच, दोन पिढ्यांपूर्वी नदी ओलांडून आलेली. अनोळखी म्हातारा भिंती ठोकतो, कड्या हलवतो, बैल मोजतो असं कळल्यावर त्यांना आधी वाटलं की दरोडेखोरांचा हेर आहे. म्हणून त्यांनी मराठी येत असल्याचं लपवलं. संगं लग्नाची पोरगी पाहिल्यावर मात्र त्यांना वाटलं, बाप स्थळ पाहायला आला असणार. इतकी चौकशी दुसरं कोण करतं? त्यांचा अब्बाई, म्हणजे मुलगा राजन्ना, लग्नाचा होताच. त्यांनी सरळ विचारलं, मुलीचं लग्न करणार का? "आन् तुमच्या सूनबाईनं एकदा नाई, तीनदा हो म्हनलं."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मामाजींचा चेहरा नारळासारखा झाला होता.

दोन वाटा होत्या. एक म्हणजे मला तेलगू येत नाही हे कबूल करणं. ती मी विचारातही घेतली नाही. "मामाजी," मी खाली मान घालून म्हणाले, "मी समजूनच हो म्हनलं. तुमी सांगून पायाले आले असते तं सहावंही स्थळ वापस गेलं असतं. म्हून सांगतलं नाई. पोरगा तं तुमी सोताच पारखला."

मामाजी हातातल्या नारळाकडं पाहू लागले. नारळ खाली ठेवला असता तर दोन्हीकडची अब्रू गेली असती, आणि चंद्रीचं नाव साऱ्या प्राणहितेकाठी बदनाम झालं असतं. तेव्हा कुठं मला कळलं की मी काय करून बसले आहे.

मामाजींनी नारळ हातात तसाच धरून चंद्रीला विचारलं, "तुह्यं काय म्हननं आहे, बाई?"

चंद्रीनं पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरली. मग तिनं त्या सबंध प्रवासातलं पहिलं वाक्य उच्चारलं. "बाबा, इथलं पानी मले गोड लागलं."

मामाजींनी राजन्नाकडं पाहिलं. तो पापण्या बरोबर मोजून मिटत होता, ना कमी ना जास्त. त्याला कोणी सांगितलं, देव जाणे. "पोतं तं बरं उचलते," मामाजी शेवटी म्हणाले आणि नारळ धोतराच्या सोग्यात बांधला.

त्यानंतरही त्यांनी चार महिने चौकशी केली, तीन वेळा नदी ओलांडली, आणि काहीच वाईट सापडलं नाही म्हणून अधिकच अस्वस्थ झाले. पण धान निघाल्यावर लग्न झालं. बिऱ्हाड हलवायचा विषय तिथंच संपला, कारण लेक दिलेल्या गावात बापानं राहायला जायचं नसतं आणि बाकी सगळी गावं बाद झालेली होती. जग सगळं लबाड, पण माझी सून हुशार, चार भाषा कोळून प्यालेली, असं मामाजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागले. कोठीच्या धानाला ते स्वतःच्या मुलाला हात लावू देत नसत, मला देत. मी मान खाली घालून सगळं मोठेपण घेत राहिले.

लग्नाला वऱ्हाड आमच्या दारी आलं तेव्हा हुशारीची खूण म्हणून मी सगळ्यांदेखत व्याह्यांसमोर पदर सावरून उभी राहिले आणि ठणठणीत तेलगूत म्हटलं की उन्हातून आलात, सावलीत बसा, पाणी घ्या. मामाजींची छाती फुगली. मल्लय्यांनी हात जोडले. मग जवळ येऊन, फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू म्हणाले, "सूनबाई, तुमचं तेलगू बाकी सारं बराबर आहे. फकस्त हे आमी बैलाले म्हनतो. गाडीचं जू उतरवल्यावर."

अहेरीच्या बाजारात मी भाजीवाल्यांपेक्षा गाडीवानांचंच जास्त ऐकलं असणार. मी तोंड लपवायला जागा शोधत होते. पण व्याही भला माणूस. माझी अब्रू राहावी म्हणून तो निमूटपणे गोठ्याजवळच्या सावलीत जाऊन उभा राहिला, आणि मी बादली आणून ठेवेपर्यंत तिथून हलला नाही.