इन्स्पेक्टरकाकांचा गप्प सेन्सर

आमचे घरमालक केळ्यालाही नापास करत. फळवाल्याच्या गाडीपुढे उभे राहून एकेक केळं फिरवून बघायचे आणि बाजूला ठेवायचे, "हे रिजेक्ट." फळवाला म्हणायचा, "काका, खायचंय की मुलगी द्यायचीय?" काका शांतपणे पुढचं केळं उचलायचे. उभी हयात पिंपरीतल्या एका कारखान्यात माल तपासण्यात गेलेली. म्हणून सदाशिव पेठेतल्या आमच्या बोळात त्यांना सगळे इन्स्पेक्टरकाका म्हणत. कुणी नवखा माणूस पोलीस समजला तरी ते चूक दुरुस्त करत नसत. "समजू दे. बोळ शांत राहतो."

मलाही त्यांनी तपासूनच घेतलं. मी वाशीमकडची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी, आणि हे मी आजही कुणी न विचारता सांगते. इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरीला आले आणि खोली शोधत फिरत होते. बाकीचे घरमालक विचारायचे, रात्री किती वाजता येणार, पाहुणे कोण येणार. काकांनी विचारलं, "स्वतःचा मल्टिमीटर आहे का?" होता. वीज मोजायचं ते छोटं यंत्र मी पिशवीतून काढून दाखवलं. "पास," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी मला कधी नावाने हाक मारली नाही. दारी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "या आमच्या वरच्या मजल्यावरच्या इंजिनिअर." माझा बाप सामान पोचवायला आला होता, त्याने ते ऐकलं आणि डोक्यावरची ट्रंक तशीच धरून जिन्यात उभा राहिला.

काकूंची मूत्रपिंडं निकामी झाली होती. एक दिवसाआड डायलिसिस. काका त्यांना स्वतःच्या गाडीतून न्यायचे, स्वतः चालवत. डायलिसिस झालं की काकू अगदी गळून जायच्या. मग काका शेजारची सीट मागे पाडून द्यायचे, काच बोटभर उघडी ठेवायचे आणि खड्डे चुकवत, एक शब्द न बोलता घरी आणायचे. "रिक्षा माणसांसाठी असते, पेशंटसाठी नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

अडचण बोळाची होती. गाडी वळवायला जागा नाही, त्यामुळे बाहेर काढायची ती उलटीच. आणि काकांची मान मणक्याच्या दुखण्याने आखडलेली, मागे वळतच नसे. म्हणून त्यांनी मागच्या बंपरला सेन्सर बसवून घेतले होते, बटणासारखे चार गोल डोळे. मागे काही आलं की गाडीत बझर वाजे, जवळ येईल तसा घाईघाईने, अगदी टेकायला आलं की सलग. त्या आवाजावर काकूंचं दवाखान्यात जाणं अवलंबून होतं.

पहिल्यांदा बिघडला तेव्हा तो मागे काही नसतानाही सलग वाजत राहिला. काका वर आले आणि दारातूनच म्हणाले, "इंजिनिअर, आपली गाडी भुतं मोजायला लागलीय." मी म्हटलं, एखादा सेन्सर बदलून टाकू. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी केळंच आहे. "कारण सापडल्याशिवाय पार्ट बदलायचा नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट हलवायची. दोन हलवल्या तर गुण कशाचा आला ते कळत नाही." मग आम्ही एकेक सेन्सर सोडवून बघत गेलो. बंपरच्या आत एका जोडणीत पाणी शिरून हिरवा गंज धरला होता. पुसली, वाळवली, पुन्हा जोडली. आवाज थांबला. काकूंनी खिडकीतून विचारलं, "झालं का तुमचं ऑपरेशन?" काका म्हणाले, "पेशंट वाचला." त्या दिवशी आम्ही तिघांनी अंगणात बसून चहा घेतला आणि मी कितीतरी वेळ उगाचच हात धुतले नाहीत.

दीडेक वर्षाने दुसऱ्यांदा तक्रार आली, ती उलटी होती. बझर वाजतच नाही म्हणाले. आदल्या दिवशी गाडी मागच्या दगडी कट्ट्याला घासली होती आणि आत चकार आवाज नव्हता.

सेन्सर चालू असला की बारीक टिकटिकतो. कान लावला तर ऐकू येतो, बोट ठेवलं तर कळतो. रविवारी मी चारही तपासले, चारही टिकटिकत होते. काका गुडघ्यावर बसले, एकेकाला कान लावत गेले आणि म्हणाले, "चारही रिजेक्ट." बोळात स्कूटरची ये-जा चाललेली. मला वाटलं, त्या आवाजात त्यांना ऐकू आलं नसेल.

पुढचे कितीतरी रविवार आम्ही त्या गाडीत घातले. वायर तपासल्या, अर्थिंग तपासलं. शेवटी बुधवार पेठेतल्या दुकानातून नवा बझर आणून डॅशबोर्डखाली बसवला. गाडी बंद फाटकाशी उभी करून मी आत बसून रिव्हर्स टाकला की वाजायचा. ते आत बसले आणि मी मागे बादली धरून उभी राहिले की ते काच खाली करून सांगायचे, "काही नाही." ते म्हणाले, "तू बसलीस की वाजतो, मी बसलो की गप्प. हल्ली गाड्यांनाही शिकलेली माणसं लागतात." मी हसले. ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी डायलिसिस होतं.

त्यानंतरच्या रविवारी काकू भिंतीचा आधार घेत बाहेर आल्या. माझ्या हातातली रिकामी बादली घेत म्हणाल्या, "वर्षा, तू आज त्यांच्या शेजारी बस. बादली मी ठेवते."

मी बसले. काकांनी रिव्हर्स टाकला. काकूंनी बादली बंपरला टेकवली. बझर सलग वाजायला लागला, माझे कान किटले. काका दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत होते. "बघ," ते म्हणाले. "गप्प."

मी झटकन त्यांच्याकडे वळले. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. आयुष्यभर नग तपासलेल्या माणसाला तेवढं पुरलं.

"वाजतोय?"

"वाजतोय, काका."

त्यांनी डॅशबोर्डखाली हात घातला आणि बझरवर बोटं टेकवली. बराच वेळ तशीच ठेवली. मग म्हणाले, "थरथरतोय. पार्ट बरोबर आहे." किल्ली फिरवून गाडी बंद केली, पण खाली उतरले नाहीत.

मी काकूंना आत नेलं. पलंगावर टेकल्या आणि म्हणाल्या, "बोलणं कळतं त्यांना, बारीक चिरके आवाज तेवढे गेलेत. मला तो आवाज दर खेपेला ऐकू यायचा गं. मी म्हणायचे, अहो, बास. त्यांना वाटायचं, मी भित्री. ते थांबायचे पण, कुरकुरत. कट्ट्याला घासली तेव्हा माझा डोळा लागला होता."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सांगितलं असतं तर गाडी सुटली असती. मग घरात बसून माझ्याकडे बघत राहिले असते. गाडी होती तोवर त्यांच्या हातात काहीतरी होतं." पदर सारखा करत म्हणाल्या, "पण परवा मागे एक पोरगी होती, सायकलवर. मी ओरडले म्हणून थांबले. आता मला ओरडवत नाही गं."

मी इंजिनिअर. मी उपाय घेऊन गेले. मागे कॅमेरा बसवू म्हटलं, पडद्यावर दिसेल. काका म्हणाले, "बोळातून गाडी काढून देशील. पुढे रस्त्यावर हॉर्न कोण दाखवेल?" कानाचं यंत्र आणलं. ते लावून आठवडाभर फिरले आणि एका सकाळी काढून खिशात ठेवलं. "ऐकू येतं. पण कुठून येतं ते कळत नाही. हॉर्न डावीकडून की उजवीकडून, हे ज्याला सांगता येत नाही त्याने गाडी चालवू नये." वाद घालायला जागाच नव्हती. असा निकाल त्यांनी दुसऱ्या कुणाच्या बाबतीत दिला असता तर मी त्यांना दाद दिली असती.

ड्रायव्हर ठेवून पाहिला, तो आज आला तर उद्या नाही. मग रिक्षा, मग टॅक्सी. काकूंना वाटेत उलटी व्हायची. एक टॅक्सीवाला म्हणाला, "पेशंट आहे तर आधी सांगायचं ना." काका म्हणाले, "चुकलं आमचं." हे मला काकूंनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना रडू आलं, कारण जन्मात त्यांनी नवऱ्याच्या तोंडून ते ऐकलं नव्हतं. त्यानंतर त्या म्हणायला लागल्या, "अहो, आजचं राहू द्या." काका कधी समजावून न्यायचे, कधी नुसते उभे राहायचे. डॉक्टर रागावले. एकेक खेप चुकत गेली. मी कामावरून सुटून ड्रायव्हिंग क्लासला जायला लागले होते. लायसन्स हातात आलं तेव्हा काकू नव्हत्या.

काकांनी मग काही तपासणं सोडलं. फळवाला देईल ती केळी घेऊन यायचे. फळवाल्याने मला थांबवून विचारलं, "काकांची तब्येत बरी आहे ना? काल डागाळलेली दिली, काही बोलले नाहीत." बिचाऱ्याने मुद्दाम दिली होती, बोलावं म्हणून.

गाडी विकायला काढली. एक तरुण नवरा-बायको बघायला आले. नवरा म्हणाला, "काका, सेन्सर चालतात ना?" काकांनी माझ्याकडे हात केला, "ह्यांना विचारा. ह्या इंजिनिअर आहेत." मी म्हटलं, चालतात. सौदा झाला.

ती दोघं गाडीत बसली. गाडी उलटी बोळातून निघाली. काचा उघड्या होत्या, कट्ट्याजवळ बझर वाजला, नवऱ्याने चाक सरळ केलं, गाडी अलगद बाहेर पडली. काका फाटकात उभे राहून बघत होते. मी कोपऱ्यावर जाऊन रस्ता मोकळा आहे का ते दाखवून आले.

परत आले तेव्हा ते म्हणाले, "मोठ्या फाटकाला कुलूप घाल. तुला जायला-यायला लहान दार आहे."

मी कुलूप घातलं. त्यांच्या घरात प्रत्येक किल्लीला तिचा खिळा होता, चुकीच्या खिळ्यावर टांगलेली किल्ली ते दुसऱ्याला उतरवायला लावत. मी विचारलं, "काका, ही कुठे लावू?"

ते आत वळले होते. ऐकू आलं नसेल असं समजून मी पुढे गेले, दंडाला हात लावला आणि किल्ली दाखवली.

"ठेव कुठेही," ते म्हणाले.