दुसऱ्याच्या हातचं वचन

आमच्या घरी सकाळच्या चहाआधी वचन काढायची रीत होती. टेबलावर एक छोटा डबा, त्यात बायबलमधल्या वचनांची कार्डं दाटीवाटीने उभी. नियम एकच, आपलं वचन आपण काढायचं नाही. मी यांच्यासाठी काढायचे, हे माझ्यासाठी. "आपला हात आपल्याला हवं तेच शोधतो," हे म्हणायचे, "दुसऱ्याच्या हातून आलं की ते देवाचं." देवाला बरा सापडतो तुमचा हात, मला भाजी निवडताना सापडत नाही, असं मी चिडवायचे.

हे गेल्यापासून डबा बंदच होता. माझ्यासाठी काढणार कोण?

यंदा मुलीने धोशा लावला, की नाशिकचा फ्लॅट विकून कायमची पुण्याला ये. "मम्मी, देवानेच वाट दाखवलीय. आमच्याच बिल्डिंगमध्ये एक फ्लॅट रिकामा झालाय." देव आता पुण्यात घरं शोधत फिरतो हे ऐकून मला रागच आला. तरी वाटलं, खरंच त्याची इच्छा असली तर? आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, प्रार्थना करा, कळेल. केली. काही कळलं नाही. आणि रविवारी जावई गिऱ्हाईक घेऊन येणार होता.

शनिवारी दुपारी शेजारीण आमटीची वाटी घेऊन आली. ती सिन्नरकडची, शाळेत शिक्षिका, घरचे बौद्ध. मी डबा तिच्यापुढे सरकवला. "एक कार्ड काढ गं माझ्यासाठी. जायचं की राहायचं, ते त्यावरून ठरवते."

तिने हात मागे घेतला. "मावशी, रागावू नका, पण मी नाय मानत असलं. तुम्हाला काय पाहिजे ते सांगा ना."

मला काय पाहिजे! हे कितीतरी दिवसांत कोणी विचारलंच नव्हतं. प्रार्थनेतही मी 'तुझ्या मनात असेल तसं' यापुढे गेले नव्हते.

"मला इथंच राहायचंय," मी म्हणाले, आणि माझी मीच दचकले.

"मग राहा की," ती म्हणाली. वाटी ठेवून निघून गेली.

संध्याकाळी मुलीला फोन करून नाही म्हणून सांगितलं. ती रडली. मग म्हणाली, "हे तुला देवाने सांगितलं का?"

"नाही. मी सांगतेय."

फोन ठेवला आणि घर खायला उठलं. देवाने मला इथे थांबवलं असतं, तर या एकटेपणावरून त्याच्याशी कडाकडा भांडले असते. आता भांडू कुणाशी? निवडायची मोकळीकही त्यानेच दिली, असं पाळकसाहेब सांगतात. असेल. पण ती देऊन तो गप्प बसला, आणि यांना पुरून आले त्या दिवशीही मला इतकं एकटं वाटलं नव्हतं.

रविवारी सकाळी चहा केला आणि डबा उघडला. गेलेल्यांसाठी प्रार्थनासुद्धा करायची नसते, हे आमच्या चर्चच्या मंडळीत सगळ्यांना पाठ असतं. तरी मी यांच्यासाठी एक कार्ड काढलं, मोठ्याने वाचलं. मग सवयीने डबा समोरच्या खुर्चीकडे सरकवला.

चहा गार होईपर्यंत बसून राहिले. मग हात लांब केला आणि माझं मीच काढलं.