अण्णांचा संशय

अण्णा गेल्याचा निरोप ऑफिसच्या ग्रुपवर आला आणि मी तो खरा मानला नाही. कुणाचाही मेसेज आला तरी आधी फोन करून खात्री करायची, ही त्यांचीच शिकवण. म्हणून थेट कुंभारीला त्यांच्या घरी फोन लावला. वहिनींनी उचलला. "व्हय, खरं हाय," एवढंच म्हणाल्या... त्याला आता महिना झाला.

सिद्धाराम अण्णा आमच्या चादरींच्या कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळायचे. प्रत्येक मशीनवर त्यांनी एक राखणदार प्रोग्राम बसवला होता. कुठल्या मशीनवर काय चाललंय, त्याची नोंद त्यांच्या स्क्रीनवर यायची. बाकीचे लोक धोक्याची सूचना आली की धावतात. अण्णा सूचना नसतानाच चोर शोधत बसायचे. "सगळं गप हाय म्हंजीच कायतरी हाय की," म्हणत समोरचा चहा गार करायचे. आम्ही त्यांची भरपूर थट्टा केली.

एके दुपारी मी जेवून परतलो, तर माझं मशीन नेटवर्कवरून तोडलेलं आणि अण्णा माझ्या खुर्चीत. नव्या चादरींची डिझाइनं मी त्याच मशीनवर काढायचो.

"तू जेवायला गेल्यावर हे कोन चालवतंय?"

"अण्णा, माझ्यावर संशय घेताय?"

"आदी मशीनवर. तुज्यावर नंतर बघू."

फुकट मिळतोय म्हणून मी डिझाइनचा एक प्रोग्राम उतरवून घेतला होता. त्याच्या आडून कुणीतरी रोज दुपारी आमची डिझाइनं पळवत होतं. अण्णांनी मालकांना लेखी अहवाल दिला, माझ्या नावासकट. नोकरी कशीबशी वाचली, पण ते मला फार लागलं. पंधरा वर्षांची ओळख, आणि हा माणूस माझं नाव लिहून मोकळा झाला. तेव्हापासून मी त्यांच्याशी कामापुरतंच बोललो. तो अहवाल वाचलासुद्धा नाही.

नवीन माणूस येईपर्यंत अण्णांचं काम माझ्याकडे आलंय. परवा जुने अहवाल चाळताना माझा सापडला. शेवटी लिहिलं होतं, 'चूक याची आहे. हेतूबद्दल मला शंका नाही.' नोकरी कशामुळे वाचली ते तेव्हा कळलं. त्याच्याच खाली आणखी जुना अहवाल होता, खुद्द अण्णांनी स्वतःविरुद्ध लिहिलेला. कधीतरी एका खोट्या ईमेलमधली फाइल त्यांनीही उघडली होती. मजकूर जवळजवळ तोच, फक्त हेतूबद्दलचं वाक्य त्यात नव्हतं. माझी मलाच लाज वाटली.

आता रोज सकाळी मी सगळ्यात आधी माझंच मशीन तपासतो. काही सापडत नाही. तरी पुन्हा एकदा बघतो... अण्णांनी माझ्यासाठी लिहिलेलं ते वाक्य खोटं पडायला नको.