सतरा नंबरचा खाना

कोठीवर चार दिवस काम करा, किस्से अंगाला चिकटतातच, बागेतल्या कुसळांसारखे. घरी जाऊन एकेक काढत बसायचं. आधी हे दादा करायचा. माझा मोठा भाऊ, लोक तिकीट काढून पाहायला येतात त्या या जुन्या कोठीचा गाइड. मी बागेत संत्र्यांना पाणी द्यायचो. दादाला जाऊन तीन महिने झाले. आता कुसळं काढायला मीच उरलोय.

सावनेरच्या एक काकू जुन्या मालकांचा पलंग पाहून म्हणाल्या, "एवढा पलंग अन् पंखा नाही? कायचा राजा गा!"

दादा म्हणाला, "पंखा ओढाले चार माणसं होती, काकू."

"मंग त्याईले झोप कवा?"

दादा दिवसभर हसत होता!

कोठीत अनवाणी जायचं. दारातल्या स्टँडवर गजाभाऊ चपला खान्यात ठेवतात, पत्र्याचा बिल्ला देतात. एका बड्या साहेबांचा बिल्ला हरवला. मे महिना, फरशीचा तवा झालेला. साहेब एका पायावर नाचत ओरडले, "मला ओळखत नाही का?"

"तुमाले ओळखतो साहेब, बुटाले नाही ओळखत!"

गजाभाऊंचा नियमच तसा, बिल्ला नाही तर चपला नाही. बिल्ला सापडला तेव्हाच बूट मिळाले.

दुसरा नियम दादाचा. एकही खाना भरलेला असेल तर कोठीला कुलूप नाही. माणूस आत आहे. एका संध्याकाळी असाच एक जोड उरला. शोधलं तर जनानखान्याच्या दारामागे कोणाचा तरी जावई! हळूच म्हणाला, "सासू गेली का?"

मालक जिन्यावरून कसे पडले, हे करून दाखवणं दादाचा हुकमी आयटम. छातीवर हात, मग धपकन! रोज टाळ्या. त्या दिवशीही तो पडला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बागेतून खिडकीत पाहत होतो. मीही वाजवल्या.

दवाखान्यात अनवाणीच नेला.

आता त्याचा गाइडचा शर्ट माझ्या अंगावर आहे. परवा एकानं विचारलं, "पहिलेवाला भारी पडायचा म्हणे. तुम्ही काहून नाही पडत?" मी त्याची कॉलर धरली. मला वॉर्निंग मिळाली.

दादाच्या चपला सतरा नंबरच्या खान्यात तशाच होत्या. गजाभाऊ रोज संध्याकाळी तिथं थांबायचे, मगच कुलूप लावायचे. मग ऑफिसातून निरोप आला, सोमवारपर्यंत खाना रिकामा करा. मी चपला मागायला गेलो.

"बिल्ला आण," गजाभाऊ म्हणाले.

मी तोंडाला येईल ते बोललो. ते रडत होते, पण चपला दिल्या नाहीत.

रविवारी आई आली. दवाखान्यातून आलेल्या दादाच्या पँटच्या खिशात तिला बिल्ला सापडला होता. कोठी ती पहिल्यांदाच पाहत होती. गजाभाऊंनी बिल्ला घेतला, चपला पुसल्या आणि सगळ्यांच्या ठेवतात तशाच पायरीवर ठेवल्या, बाहेर येणाऱ्याला सरळ पाय घालता येतील अशा.

आईनं दाराकडे पाहिलं. "सारी कोठी पाहाले किती वेळ लागते, भाऊ?"

"एक घंटा, माय."

आई चपलांशेजारी पायरीवर टेकली.

"मंग बसतो मी."