अर्धा नाका

मुलुंडला मी गेले ती एका महिन्यासाठी, आणि तीही कुरकुरत. धाकट्या बहिणीची बाळंतपणाची रजा संपली होती, पाळणाघरात जागा महिन्याने मिळणार होती. मधल्या काळात भाचीला सांभाळायला कुणी आलं नसतं तर तिला नोकरी सोडावी लागली असती. आमच्या परभणीच्या घरात मोकळी अशी मीच. लग्न केलं नाही की माणूस कायमचं मोकळं असतं, असं सगळ्या नातेवाइकांचं मत आहे.

सकाळी आठला बहीण आणि तिचा नवरा कामावर जायचे ते संध्याकाळी सातला यायचे. मधले अकरा तास मी, आठ महिन्यांची भाची आणि चौथ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. पहिल्याच दिवशी बहिणीने नियम ऐकवले.

"ताई, बेल वाजली तरी दार उघडायचं नाही. पार्सल असेल तर वॉचमनकडे ठेव म्हणायचं. शेजाऱ्यांशी गप्पा मारत बसू नको, इथे कुणी कुणाचं नसतं. आणि दाराला लॅच आहे, नुसतं ओढलं गेलं तरी लागतं. चावी गळ्यातून काढायची नाही."

चावीला तिने नाडी ओवून दिली होती. शेळीच्या गळ्यात घुंगरू बांधतात तशी ती घालून मी घरभर फिरायचे.

आमच्याकडे दार सकाळी उघडतं ते रात्रीची जेवणं झाल्यावरच लागतं. मधल्या वेळात गल्लीतलं कुत्रंसुद्धा आत डोकावून जातं. इथे खिडक्यांनाही बाहेर आलेल्या लोखंडी जाळ्या, त्यांत कुंड्या, वाळणारी दुपटी आणि त्यांच्यामागे मी. शेजारची बिल्डिंग पाडून टॉवर उठत होता. दिवसभर ड्रिलची घरघर, भाची दचकून उठायची, धुळीने भांडी दोनदा विसळावी लागायची. तिसऱ्या दिवशी मला अक्षरशः गुदमरायला लागलं. या शहराला मी तोंडभरून शिव्या घातल्या. ऐकायला भाची एकटी, ती खुदुखुदु हसायची.

मग मला नाका सापडला. स्वयंपाकघराच्या जाळीला गाल टेकवला की तो अर्धा दिसायचा. चहूबाजूंनी एकदम घुसणाऱ्या रिक्षा, मध्येच उभा राहून फोनवर बोलणारा कुणीतरी, आणि कोपऱ्यावर मासेवाली. तिच्या शेजारी फुलवाली बसायची, पण ती भिंतीआड जायची, तिचा नुसता आवाज यायचा. दोघी रोज साडेदहाच्या सुमारास भांडायच्या. कारण एकच, माशांचं पाणी फुलांकडे वाहतं.

"तुझ्या पाण्याने माझे गजरे वास मारतात!"

"मग लोकांना सांग ना, देवाला कोळंबी वाहा!"

पंधरा मिनिटं आवाज आभाळाला. मग मासेवाली चहाला उठायची आणि भिंतीआडून हिरव्या बांगड्यांचा एक हात पुढे यायचा. पाटीजवळ आलेल्या मांजराला हाकलायचा, गिऱ्हाइकाला थांबवायचा. भांडण गेलं चुलीत, शेजारणीचा माल राखायचा. मी त्या हाताच्या प्रेमात पडले, आणि त्याच्यामागोमाग या सगळ्या गोंधळाच्या. रोज दहा वाजले की माझं निम्मं लक्ष खिडकीकडे लागायचं. पण दिसायचा अर्धाच नाका, आणि तोही लोखंडातून.

दुसऱ्या आठवड्यात एक दिवस भांडण जरा जास्तच रंगलं. तिसराही कुणी त्यात पडला. मला राहवेना. जिन्याच्या वळणावर एक खिडकी होती, तिथून नक्की सगळं दिसलं असतं. भाची झोपली होती, कुकरची अजून शिटी व्हायची होती. अवघ्या दहा पायऱ्या. दार उघडं टाकून मी खाली पळाले. फुलवाली एकदाची दिसली. माझ्याहून म्हातारी, खुर्चीवर उभी राहून हातवारे करत होती. मी हसत होते तेवढ्यात वारा आला आणि वरती दार खटकन लागलं.

मी गळ्याला हात लावला. चावी नव्हती. भाची ती सारखी तोंडात घालायची म्हणून मी सकाळीच खिळ्याला अडकवली होती.

पहिली शिटी मी दाराबाहेर उभी राहून ऐकली. समोरच्या घराला कुलूप होतं. दुसऱ्या शिटीला भाची उठली. तिचं रडणं आधी लांबून, मग रांगत रांगत दारापाशी आलं. ती दारावर आतून थापट्या मारत होती, मी बाहेरून. "आले गं बाळा, आले," एवढंच मला सुचत होतं. पोरीला काही झालं तर? बहिणीला कोणत्या तोंडाने सांगू? माझा आरडाओरडा ऐकून वॉचमन धावत आला. चावीवाल्याला यायला अर्धा तास लागेल म्हणाला, आणि जिन्यात तोंड वर करून ओरडला, "आजी! एक्स-रे घेऊन या!"

मला वाटलं, याचं डोकं फिरलंय.

वरच्या मजल्यावरून एक मालवणी आजी कठडा धरत उतरल्या. बगलेत एक्स-रेचं मोठं पाकीट.

"काय झाला गो? रडतंस कशाक? बाजूक हो."

त्यांनी गुडघ्याचा काळा एक्स-रे काढून दाराच्या फटीत सरकवला. वॉचमन दार हलवत राहिला, आजी तो वरून खाली ओढत राहिल्या. पाचव्या शिटीनंतर कट् झालं. भाची मागे सरकेल इतपत दार हळूच ढकललं. आजी आधी गॅसकडे गेल्या, मी पोरीकडे. तिला पोटाशी धरून मी तिथेच बसले आणि ओक्साबोक्शी रडले.

"डाळ गेली तर गेली. पोर बरा आसा मां?" आजी म्हणाल्या. मग पाकिटाकडे बघून, "माझो गुडघो गेलो, पण एक्स-रे कामाचो."

संध्याकाळी मी बहिणीला सगळं सांगितलं. लपवता आलं असतं, पण मग मला तिथे पाणीही गिळवलं नसतं. आता ही उद्याच राजीनामा देणार, या धास्तीने मी तिच्याकडे बघत होते. तिने भाचीला उचलून घट्ट धरलं.

"कुठल्या आजी?" तिने विचारलं.

"वरच्या. तुझ्या डोक्यावर राहतात."

"तीन वर्षं झाली गं मला इथे," ती छताकडे बघत म्हणाली.

मला इतके दिवस वाटत होतं, कोंडलेली मी आहे. माझा तर एक महिनाच होता.

दुसऱ्या दिवशी कामावर जाण्याआधी ती जादाची चावी घेऊन वर गेली. वीस मिनिटांनी उतरली तेव्हा हातात घावण्यांचा डबा होता आणि तिला कामावर उशीर झालेला होता.

माझ्या शेवटच्या रविवारी मी तिला जिन्यातल्या खिडकीपाशी नेलं. चावी माझ्या गळ्यात, भाची तिच्या कडेवर. खाली दोघींचं पेटलं होतं. कोळंबीच्या बोलावर बहीण इतकी हसली की भाची तिच्या तोंडाकडे बघत राहिली.

"ताई, अजून आठ दिवस राहशील?"

पाळणाघर दुसऱ्या दिवसापासून सुरू होणार होतं. बाळासाठी आता माझी गरज नव्हती, आणि हे तिलाही माहीत होतं.